भाणकांचे उद्दान आणि आजचा परीक्षार्थी

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या दात्याचा लेख आहे. तो धम्मुत्तरीय परंपरेतला असून लेखात त्याला ‘भाणक’ ही उपाधी लावलेली आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून संघापुढे म्हणणारा. अट्ठकथांत दीघभाणक, मज्झिमभाणक असे त्यांचे वर्गही आढळतात. एवढे विशाल वाङ्मय या मंडळींनी स्मरणात कसे ठेवले असेल, हा प्रश्न आम्हांस केवळ इतिहासाचा वाटत नाही. 2013 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांतून पाली वगळली गेली. तेव्हापासून आपल्या पालीच्या विद्यार्थ्यांपुढे नेट हीच मोठी पात्रता-परीक्षा उरली आहे. नागपुरात तिची तयारी करणारे आमच्याकडे येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: सुत्तांची नावे लक्षात राहत नाहीत.

या तक्रारीचे उत्तर ग्रंथांतच आहे. वग्ग संपला की उद्दान येते. म्हणजे त्या वग्गातील सुत्तांची नावे क्रमाने गुंफलेली गाथा. मज्झिमनिकायात 152 सुत्ते आहेत. सुटी 152 नावे कोणाच्याही स्मरणात राहणार नाहीत; परंतु हा निकाय 15 वग्गांचा असून चौदा वग्गांत प्रत्येकी दहा आणि एकट्या विभङ्गवग्गात बारा सुत्ते आहेत, हे कळताच पंधरा माळा तेवढ्या ओवायच्या राहतात. दीघनिकायाची 34 सुत्ते तीन वग्गांत 13, 10 व 11 अशी विभागलेली आहेत. बाजारातील मार्गदर्शिका नेमके उद्दानच गाळतात. त्यांचा कागद वाचतो आणि विद्यार्थी बुडतो.

अर्थात उद्दान ही केवळ खुंटी आहे. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत भिक्खूच्या अभ्यासाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकणे, धारण करणे, वाणीने घोळणे, मनाने तपासणे आणि शेवटी दृष्टीने आरपार जाणणे. आमचे विद्यार्थी दुसऱ्या पायरीवरच थांबतात. परीक्षेत तर सुत्त व त्यातील व्यक्ती यांच्या जोड्या लावावयास सांगतात. म्हणून ‘सामञ्ञफल’ म्हणताना राजगृह, जीवकाचे आम्रवन आणि अजातसत्तू, तर ‘सोणदण्ड’ म्हणताना चंपेची गग्गरा पुष्करिणीही ओठांवर आली पाहिजे. हे मोठ्याने म्हणावे. डोळ्यांनी पान चाळणे म्हणजे सज्झाय नव्हे.

बहुश्रुतांकडे जाऊन ‘याचा अर्थ काय’ असे विचारावे, असेही तेथे वारंवार येते. सातव्या शतकात ह्युएन त्संगने नालंदेची जी हकिकत नोंदविली, तीत प्रवेशद्वारावरील पंडिताच्या प्रश्नांना उत्तरे देता न आल्याने दहांपैकी सात-आठ जण परत जात. ज्याला आधी कोणी प्रश्नच विचारला नाही, त्याची गत दारात अशीच होणार. विहाराच्या अभ्यासिकेत शेजारी बसून दोघे सहा महिने एकमेकांशी बोलत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते. रोज अर्धा तास एकाने विचारावे, दुसऱ्याने पुस्तक मिटून सांगावे.

पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झालेले काही जण लाजेने पालीच सोडतात. आपल्या घरात ते बहुधा पहिलेच पदव्युत्तर असतात, त्यामुळे ती लाज अधिक बोचते. 1923 साली बाबासाहेबांचा लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहिण्यासाठी परत केला होता. पैसे संपत आले होते. ते मुंबईस परतले, प्रबंध नव्याने लिहून पाठविला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली.

परीक्षेच्या दिवसाचे थोडक्यात सांगतो. तीन तास, दोन पत्रिका, 150 प्रश्न, 300 गुण. त्यांपैकी 200 गुण पालीच्या दुसऱ्या पत्रिकेचे, म्हणून ती आधी सोडवावी. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवू नये. आणि आरंभ कोठून करावा असे कोणी विचारले, तर आम्ही मूलपरियायवग्गाच्या दहा नावांपासून करावयास सांगतो.