मुलाच्या हाती दिलेली शाळा

बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी 1893 साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व 1906 साली ते सर्व संस्थानास लागू केले, ही हकीकत आमच्या बडोदेकर वाचकांस नव्याने सांगावयास नको. तिच्या मानाने कमी आठवली जाणारी गोष्ट अशी की, 1910 साली महाराजांनी विल्यम बोर्डेन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेऊन ग्रंथालयांचे एक स्वतंत्र खातेच उभारले. ह्या खात्याकडून लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. आणि ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी जादूचा कंदील, स्टिरिओस्कोप व चलच्चित्रे ही साधनेही पुढे त्याच खात्याच्या चित्रशिक्षण शाखेने लोकांपर्यंत नेली. यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याची कल्पना आजकालची आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु सक्तीच्या कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. आत त्याचे काय व्हावे ह्याविषयी त्या काळचा कायदा फारसे बोलत नव्हता. जादूचा कंदीलही शेवटी कंदील लावणाराच्या हाती. मुलाने अंधारात बसावे, दाखवितील ते पाहावे आणि खेळ संपला की घरी जावे. कायदा आणि कंदील ह्या दोहोंतही मूल हे घेणारेच राहिले.

ह्या व्यवस्थेत खरा पालट घडविणारा गृहस्थ अमरेलीपासून फार दूर नसलेल्या भावनगरात निघाला, आणि तो व्यवसायाने वकील होता, ह्याचे आम्हां वकिलीपेशाच्या मंडळींस थोडे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. गिजुभाई बधेका (जन्म 1885) हे वढवाण येथे वकिली करीत असत. 1913 साली त्यांस पुत्र झाला. त्याला शिकवावयाचे कसे ह्या विचारात असता मारिया मॉंटेसरी ह्या इटालियन विदुषीचे विचार त्यांच्या वाचनात आले, आणि 1916 साली वकिली सोडून ते नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. 1920 साली तेथे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर उघडले.

दक्षिणामूर्ती हे नाव आपल्या वाचकांस परिचित आहे. वडाच्या झाडाखाली बसून मौनानेच उपदेश करणारे ते शिवाचे गुरुरूप. योगायोग असा की, मॉंटेसरीच्या पद्धतीतही शांततेचा एक खेळ आहे, आणि गिजुभाईंच्या बालमंदिरात तो आवडीने खेळला जाई. सारी मुले आपणहून इतकी निश्चल बसत की, लांबून हलक्या आवाजात पुकारलेले नावही ऐकू यावे. ही शांतता छडीच्या धाकाने आलेल्या शांततेहून किती निराळी, हे पंतोजीच्या शाळेत बसलेल्या वडीलधाऱ्यांस विचारावे.

ह्या पद्धतीतील साधनांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण सर्व मर्म तेथेच आहे. लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, हे तिचे एक प्रसिद्ध साधन. दट्टा चुकीच्या भोकात घातला तर एक तर तो शिरत नाही, नाहीतर सैल बसतो आणि शेवटी एक दट्टा जागेवाचून उरतो. चूक दाखविण्यास शिक्षकाची गरजच पडत नाही. मूल स्वतः ती पाहते, दट्टे काढते, पुन्हा बसविते. खरखरीत कागदाची कापून चिकटविलेली अक्षरे मूल बोटाने गिरविते आणि हात वळल्यावर लेखणी धरते. आपल्या जुन्या शाळांत, मग त्या गोमंतकातील देवळांच्या अग्रशाळांत भरणाऱ्या का असेनात, धूळपाटीवर बोटानेच अक्षर गिरवून घेत. म्हणजे बोटाची वाट आपल्यास अपरिचित नव्हती. फरक इतकाच, की धूळपाटीवर कोणते अक्षर, किती वेळ आणि कोणत्या धाकाने गिरवावयाचे हे पंतोजी ठरवी. बालमंदिरात साधन मांडणीवरून उचलणे आणि मन भरल्यावर परत ठेवणे हे मुलाकडे असे. शास्त्राच्या मदतीने घडविलेले साधन प्रथमच मुलाच्या ताब्यात गेले. मॉंटेसरीबाई 1939 च्या नोव्हेंबरात मद्रासला उतरल्या. गिजुभाई त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले होते.

1923 साली भावनगरात आलेल्या ताराबाई मोडक यांनी ह्या विचाराला मराठीत आणले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1936 साली दादरला शिशुविहार. तथापि त्यांचे मोठे काम त्यानंतरचे. विलायती नमुन्याची साधने महाग, आणि ती शहरी पांढरपेशांच्या मुलांपुरतीच राहणार, हे ओळखून 1945 साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. बालविधवा असून शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना मिळाल्या. शिंपले, खडे, बिया, पाने आणि काड्या हीच साधने झाली. मोजावयास, लावावयास, लहानमोठे ओळखावयास ह्यांहून अधिक काय पाहिजे? मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. पुढे 1957 साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले दिवसभर गुरांमागे असत, म्हणून शाळा कुरणात भरू लागली, ती कुरणशाळा. 1975 साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा अंगणवाडी हाच शब्द देशभर गेला. दुर्दैवाने शब्दाबरोबर त्यातील सारा आशय गेला असे म्हणवत नाही.

त्याच 1975 च्या ऑगस्टपासून एक वर्ष उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत, त्यांत विजापूर, गुलबर्गा व रायचूर ह्या जिल्ह्यांतील खेडीही आली, संच बसले आणि सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होऊ लागले. प्रयोग भव्य होता. तरी त्या पडद्याला थांबविणे किंवा समजले नाही ते पुन्हा सांगावयास लावणे मुलाच्या हाती नव्हते. बडोद्याचा कंदीलच आकाशात टांगल्यासारखे झाले.

2009 साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम केला. त्याचे 29 वे कलम वकिलाच्या नजरेने वाचण्याजोगे आहे. शिक्षण कृतीतून व शोधातून, बालकेंद्री रीतीने व्हावे. मूल भयमुक्त असावे. माध्यम मातृभाषा असावी. अभ्यासक्रम आखणाऱ्या प्राधिकरणाने ह्या गोष्टी विचारात घ्यावयाच्या आहेत. ह्यांपैकी मातृभाषेच्या कलमासच ‘व्यवहार्य असेल तितपत’ अशी सवलत जोडलेली आहे, भयमुक्ततेस नाही. शिवाय हा हक्क सहा वर्षांच्या पुढचा. गिजुभाईंची मुले त्यात बसतच नाहीत. त्यांच्यासाठी 11 व्या कलमात शासनाने सोय करावी अशी नुसती मुभा आहे.

त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले हे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. एका बाजूस गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूस कोठार, मध्ये पडकी इमारत. मुलांची घरची भाषा प्रामुख्याने कन्नड, पुस्तके मात्र निराळ्या भाषेची. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून कविता व पाठ ऐकविण्याच्या त्यांच्या युक्तीची पुष्कळ वाखाणणी झाली आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांस मिळाला. पुस्तक मुलाच्या हातात, पाठ पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तितक्या वेळा. म्हणून हे यंत्र कंदिलाच्या जातीचे नव्हे, दट्ट्यांच्या जातीचे. परंतु वृत्तपत्रांनी कोडाची चर्चा जितकी केली तितकी दुसऱ्या गोष्टीची केली नाही. डिसले यांनी खटपट करून स्वतः कन्नड शिकून घेतली आणि पहिली ते चौथीची पुस्तके मुलांच्या भाषेत आणली. ‘व्यवहार्य असेल तितपत’ ह्या शब्दांची मर्यादा एका शिक्षकाने किती लांब ढकलली, हे पाहण्यासारखे आहे.

जत, अक्कलकोट, निपाणी, बेळगाव ह्या पट्ट्यात घरी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी अशी मुले सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत. त्याच अधिनियमाच्या 21 व्या कलमाप्रमाणे नेमावयाच्या शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीनचतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावे लागतात. पडद्याच्या खरेदीचा ठराव अशा समितीपुढे आला, तर पालकांनी त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या मुलाच्या घरची भाषा ह्या शाळेत कोणाकोणास येते?