खिशातला झूम: माथारपाखाडी ते शिवडी

बजेट बेताचं आहे आणि झूमवाला छोटा कॅमेरा घ्यायचाय. बघायचं काय? उत्तर माझगावातच सापडतं. माथारपाखाडीच्या अरुंद गल्लीत अख्खं लाकडी घर फ्रेममध्ये बसवायला रुंद लेन्स लागते. जवळच शिवडीच्या चिखलातले फ्लेमिंगो टिपायला लांब पल्ल्याची. दोन्ही कामं एकाच लेन्सने करायची, या हट्टातून झूम घडत गेला.

१९५९ मध्ये ‘झूमार’ आली: ३६ ते ८२ मिमी, ३५ मिमी फिल्मच्या स्टिल कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स. १९८६ मध्ये पेन्टॅक्सने कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात ३५-७० बसवला, म्हणजे जेमतेम दुप्पट. पॅनासॉनिकच्या टीझेड१ ने २००६ मध्ये दहापट गाठली आणि कॅननच्या एसएक्स७४० ने २०१८ मध्ये चाळीसपट, २४ ते ९६०!

पण ही उडी फुकटची नाही. ३६×२४ मिमी फिल्मच्या जागी जेमतेम ६×४.५ मिमीचा सेन्सर आला. त्या कॅननमध्ये पूर्ण झूमवर प्रकाशही चौथाईच्या आत येतो. म्हणून संध्याकाळचे फ्लेमिंगो दाणेदार दिसतात.

तेव्हा ‘४० एक्स’ला भुलू नका. आधी सुरुवातीचा आकडा बघा: गल्लीसाठी २४-२५ हवा. डिजिटल झूम मोजूच नका, तो नुसता फोटो कापून मोठा करतो. सेकंडहँड घेताना लेन्स पूर्ण बाहेर-आत करून बघा, पूर्ण झूमवर फोटो काढा आणि तिथेच मोठा करून तपासा. लेन्स अडकली, तर वाचवलेले पैसे दुरुस्तीतच जातील.