एमसीची कुळकथा
एप्रिलच्या दुपारी कामशेतच्या टॉवर हिलवर घारी पंख न हलवता चढत असतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा त्यांना वर नेते. पॅराग्लायडिंग करणारे तिला थर्मल म्हणतात, आणि तिच्यातच घिरट्या घालत उंची कमावतात. ही उंची मग पुढचा पल्ला गाठण्यात खर्चायची. पण किती वेगाने? हळू गेलं तर वेळ जातो, जोरात गेलं तर उंची भराभर सरते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पॉल मॅक्रेडी यांनी यावर सुटसुटीत तोड काढली. ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना उडणारं विमान, किती वेगाने चढतंय वा उतरतंय हे दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरच्या तबकडीभोवती त्यांनी एक फिरतं कडं बसवलं. पुढच्या थर्मलमध्ये जेवढी चढाई अपेक्षित, तेवढ्यावर कड्याचा बाण लावायचा. मग व्हेरिओचा काटा कड्यावर ज्या आकड्याकडे बोट दाखवेल, तो योग्य वेग. पुढचा थर्मल जोरदार असेल तर बिनधास्त वेगाने जावं, कारण गमावलेली उंची लवकर भरून निघते. १९५६ मध्ये मॅक्रेडी फ्रान्समध्ये ग्लायडिंगचे जगज्जेते झाले. आजच्या उड्डाण-संगणकांवर दिसणारी ‘एमसी’ ही दोन अक्षरं त्यांच्याच नावाची.

हे गणित खिशात येण्याची वाट २००० साली आणखी मोकळी झाली. फेब्रुवारीत अमेरिकेच्या एंडेव्हर अवकाशयानाने ११ दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. सह्याद्रीही त्यात आला. मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याच वर्षी कॉम्पॅकचा आयपॅक हा तळहातावर मावणारा संगणक बाजारात आला. अशा छोट्या संगणकांसाठी ब्रिटनच्या माइक रॉबर्ट्स यांनी ‘एक्ससीसोअर’ हे उड्डाणाचं गणित करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. एक्ससी म्हणजे क्रॉस कंट्री, लांब पल्ल्याचं उड्डाण. सोअर म्हणजे घारीसारखं तरंगत वर जाणं. ते तेव्हा विकत घ्यावं लागे.

वैयक्तिक कारणांमुळे रॉबर्ट्स यांना ते सांभाळणं जमेना. अशा वेळी सॉफ्टवेअर मालकाबरोबरच संपतं. रॉबर्ट्स यांनी मात्र २००४ च्या अखेरीस त्याचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला: वापरा, वाचा, बदला, पुढे द्या; फक्त बदललेलं वाटताना त्याचा कोडही तसाच खुला ठेवा. मार्च २००५ मध्ये मोठ्या सुधारणांसह चौथी आवृत्ती आली. आयपॅक इतिहासजमा झाला, तरी एक्ससीसोअर अँड्रॉइड फोनवर गेलं, आणि उन्हात स्वच्छ दिसणाऱ्या पडद्यामुळे कोबोच्या ई-बुक रीडरवरही.

कुठल्या मैदानावर किती उंचीने पोचू, मधला डोंगर आड येतो का, पुढे विमानतळाची हद्द लागते का, हे एक्ससीसोअर वारा धरून सांगतं. डोंगराच्या धारेवरून पलीकडे जायचं की नाही, हे ज्या आकड्यावर ठरतं, तो कसा निघाला हे वाचता आलं पाहिजे. मॅक्रेडींचं कडं कुणालाही फिरवून पाहता येई. रॉबर्ट्स यांनी कोड खुला केला आणि तीच सोय टिकली. म्हणून आज कामशेतचा एखादा पायलट हे गणित घरी उघडून बसू शकतो, त्यातली चूक शोधू शकतो, आणि त्याने केलेली दुरुस्ती दूर आल्प्सवर उडणाऱ्याच्याही कामी येऊ शकते.