खड्याआडचा रोग

मुतखडा हा बोलका रोग आहे. त्याची कळ माणसाला गडबडा लोळविते. म्हणूनच वैद्यकाच्या आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्याच्या नोंदी जागोजागी आढळतात. सुश्रुतसंहितेने अश्मरीची गणना आठ महाव्याधींत केली. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास संशयित. तेव्हा राजाची अनुज्ञा घेऊनच शस्त्र चालवावे, असे ती सांगते.

इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्या मूत्राशयातील खडा २६ मार्च १६५८ रोजी, भूल देण्याची विद्या अवगत नसलेल्या काळात, काढण्यात आला. पुढे तो या दिवशी मेजवानी देई. १७०३ मध्ये तो वारला, तेव्हा शवविच्छेदनात त्याच्या डाव्या मूत्रपिंडात सात खडे सापडले. काढलेल्या खड्याचा उत्सव झाला; उरलेल्यांची मोजदाद मृत्यूनंतरच होऊ शकली. पीप्सला कर्करोग होता असे म्हणण्यास आधार नाही. पण मूत्रपिंडात किती काय दडून राहू शकते, हे त्यातून दिसते.

चिरकालीन क्षोभातून कर्करोग उद्भवतो, हा विचार एकोणिसाव्या शतकात रूडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला. वर्षानुवर्षे मुक्काम ठोकलेला खडा आणि त्यासोबतचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडाच्या आतील अस्तराला डिवचत राहतो. अस्तराच्या पेशी त्वचेच्या पेशींसारख्या चपट्या होतात आणि क्वचित त्यांतूनच ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ हा दुर्मीळ कर्करोग उपजतो. खडा असलेल्या बहुतेकांना तो होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

खरा घात लक्षणांच्या सारखेपणात आहे. कुशीतील वेदना, लघवीतून रक्त, वारंवार येणारा ताप : सारे जुन्या खड्याच्याच खात्यावर जमा होते. रोगी, घरची माणसे, कधी वैद्यही त्या परिचित अर्थापाशी थांबतात. अनेकदा निकामी मूत्रपिंड काढून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच दुसऱ्या रोगाचे नाव कळते. तोवर तो बहुधा पसरलेला असतो.

परिचित शब्दाचा अर्थ संदर्भ बदलताच पुन्हा तपासावा, असे आपण वर्गात शिकवतो. जुन्या दुखण्याची तऱ्हा बदलली, वजन घटू लागले, तर सीटी स्कॅन आणि गरजेनुसार पेशींची तपासणी हे तसेच पुनर्वाचन होय. येथे मात्र उशिरा केलेल्या वाचनाची किंमत प्राणांनी मोजावी लागते.