घरगुती कुक्कुटपालन, मराठवाड्यातील
घरी अंडी उबवून पिले काढणे व मांसासाठी कोंबड्या वाढविणे, हा मराठवाड्यातील शेतीचा जुना जोडधंदा आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील खेड्यांत तो प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती राहिला. उबवणीचे काम कोंबडीकडून यंत्राकडे गेल्यावर पिलांचा पुरवठा कोणाच्या हाती असावा, हा त्याच्या आधुनिक इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : पाळीव कोंबडी मुख्यत्वे आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाली. तिच्या कातडीचा पिवळा रंग मात्र भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये जननिक संशोधनातून दिसून आले. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात (इ. स. पू. तिसरे शतक) कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, अशी आज्ञा आहे. खच्ची केलेला कोंबडा अधिक मांसल होतो. त्यावरून मांसासाठी कोंबड्या पोसण्याची प्रथा किती जुनी आहे, हे कळते.

घरगुती उबवण : अंडी घालणे थांबवून उबवणीस बसणाऱ्या कोंबडीस ‘खुडूक’ म्हणतात. टोपलीत भुसा वा गवत पसरून तिच्याखाली १० ते १२ अंडी ठेवतात. सातव्या दिवसाच्या सुमारास अंडी उजेडासमोर धरून निर्जीव अंडी वेगळी काढतात. २१ व्या दिवशी पिले बाहेर पडतात. उन्हाळ्यात अंडी लवकर बिघडत असल्याने हिवाळा या कामास अधिक सोयीचा. पिलांना ऊब देणे व घारीपासून राखणे, हे कामही कोंबडीच करते.

यांत्रिक उबवण : उबवणी यंत्रात सु. ३७.५° से. तापमान व योग्य आर्द्रता राखून एका वेळी हजारो अंडी उबविता येतात. महाराष्ट्र शासनाने पुणे, नागपूर, कोल्हापूर व औरंगाबाद येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे उभारून सुधारित जातींची पिले शेतकऱ्यांना पुरविली. खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणून व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींत ही प्रवृत्ती निवड पद्धतीने जवळजवळ नाहीशी करण्यात आली.

मांसल कोंबड्या : भारतातील असील या झुंजीच्या जातीपासून इंग्लंडमध्ये कॉर्निश जात तयार झाली. तिच्या संकरातून अमेरिकेत आधुनिक ब्रॉयलर घडला. तो सहा आठवड्यांत सु. २ किग्रॅ. भरतो, देशी कोंबडीस याहून कमी वजनासही अनेक महिने लागतात. मात्र या संकराचे गुण पुढील पिढीत टिकत नाहीत; त्यामुळे प्रत्येक खेपेस पिले विकत आणावी लागतात. करार पद्धतीत कंपनी पिले, खाद्य व औषधे देते. शेतकरी शेड व श्रम पुरवितो आणि वजनानुसार मोबदला घेतो.

रोग : राणीखेत अथवा मानमोडी हा घरगुती कळपांचा मोठा शत्रू, लसीकरणाने तो आटोक्यात ठेवता येतो. बर्ड फ्ल्यू २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे व जानेवारी २०२१ मध्ये मुरुंबा (जि. परभणी) येथे आढळला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात.

परसबागेसाठी निर्माण केलेल्या वनराजा व गिरिराजा या कोंबड्या देशी कोंबडीपेक्षा लवकर वाढतात. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी घरी उबवायची झाल्यास देशी कोंबडीचाच आधार घ्यावा लागतो. देशी वाण टिकविणे म्हणजे विकतच्या पिलांवाचून कळप वाढविण्याची लहान कुटुंबाची क्षमता टिकविणे होय.