बर्फाखालील मासेमारी कॅमेरा

बर्फाखालील मासेमारी कॅमेरा : गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून पाण्यात सोडला जाणारा आणि वरच्या पडद्यावर खालचे दृश्य त्याच क्षणी दाखवणारा जलरोधक कॅमेरा. उत्तर अमेरिकेत जेथे सरोवरे हिवाळ्यात गोठतात, तेथे हौशी मासेमारीत त्याचा वापर सर्वाधिक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही राज्ये आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांत ही त्याची मुख्य क्षेत्रे. मिनेसोटातील मिल लॅक्स हे सरोवर सुमारे ५३६ चौ. किमी. पसरलेले आहे, म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या साधारण दीडपट. जानेवारीत ते काठापासून काठापर्यंत गोठते आणि बर्फावर मासेमारांच्या खोपट्यांची वस्ती उभी राहते. कॅमेऱ्याच्या उपयोगाचे आणि अडचणींचे जे वर्णन पुढे येते, ते प्रामुख्याने याच भागातले आहे.

गोठलेल्या तळ्यात मासे जगतात ते पाण्याच्या एका गुणामुळे. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४° से. तापमानाला. त्याहून थंड झाले की ते हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. त्यामुळे बर्फाला लागून असलेले पाणी ०° च्या आसपास आणि तळाजवळचे ४° च्या आसपास अशी हिवाळी मांडणी तयार होते. बर्फावरची हवा मात्र उणे २०° ते उणे ३०° असू शकते. २ फेब्रुवारी १९९६ रोजी मिनेसोटातील टॉवर या गावाजवळ उणे ५१° तापमान नोंदले गेले. म्हणजे बाहेर असा हाडे गोठवणारा गारठा असतानाही पाण्यात सोडलेला कॅमेरा शून्याखाली जात नाही. या उपकरणाला थंडीचा जो त्रास होतो, तो जवळजवळ सगळा पाण्याबाहेरच्या भागांना होतो. नवा वापरणारा नेमके उलटे समजतो. तो कॅमेऱ्याला जपतो आणि पडदा, बॅटरी, केबल यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

इतिहास : बर्फाच्या भोकातून खाली पाहण्याची कला कॅमेऱ्याहून फार जुनी आहे. याच प्रदेशातील ओजिब्वे लोक बर्फावर पालथे पडून, अंगावर कातडे किंवा घोंगडी ओढून घेत आणि वरचा उजेड अडवून पाण्यात पाहत. लाकडात कोरलेला, रंगवलेला नकली मासा दोरीने खाली नाचवून ते मोठ्या माशाला जवळ आणत आणि भाल्याने टिपत. घोंगडीची जागा पुढे बिनखिडक्यांच्या काळोख्या खोपटाने घेतली. खोपटात अंधार केला की बाहेरच्या बर्फातून झिरपलेल्या उजेडाने भोकातले पाणी हिरवट काचेसारखे उजळते. विस्कॉन्सिनमधील विनेबॅगो सरोवरावर दर फेब्रुवारीत स्टर्जन या महाकाय माशाची भाल्याने शिकार होते, ती आजही याच पद्धतीने. गळ टाकणाऱ्याला मात्र ही पद्धत उथळ आणि स्वच्छ पाण्यापुरतीच कामाची होती.

खोल पाण्यासाठी आधी ध्वनी आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हौशी मासेमारांसाठी प्रतिध्वनीवरून मासा शोधणारी सोनार यंत्रे विकली जाऊ लागली. मिनेसोटाचे डेव्ह गेंझ यांनी १९८० च्या दशकात ओढत नेता येणारे हलके खोपट आणि सोनार यांची सांगड घातली. एकाच भोकाशी दिवसभर बसण्याऐवजी भोके बदलत मासा शोधायचा, हा त्यांचा धडा होता. १९९७ मध्ये त्याच राज्यातील ब्रेनर्ड परिसरात जेफ झर्नॉव यांनी ‘ॲक्वा-व्ह्यू’ हा हौशी मासेमारांसाठीचा पाण्याखालचा कॅमेरा आणला. सुरुवातीच्या संचांत जुन्या टीव्हीसारखा काचनळीचा लहानसा कृष्णधवल पडदा असे. तो जड होता, बॅटरी खात होता, पण थंडीत त्याचे चित्र मंदावत नसे. हा गुण पुढच्या सपाट पडद्यांना बराच काळ साधला नाही.

रचना : माशाच्या आकाराच्या लहान कवचात भिंग, प्रतिमासंवेदक आणि दिवे असतात. बोटाहून बारीक केबल तेथून वरच्या पडद्यापर्यंत जाते आणि तीच कॅमेऱ्याचे वजन पेलते. बिनतारी युगातही केबल सुटलेली नाही, कारण वायफायच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरतात. ज्या संचांत चित्र मोबाइलवर येते, त्यांतही केबल पाण्याबाहेरच्या प्रक्षेपकापर्यंत असतेच. भिंगापुढची काच सपाट असल्याने पाण्यात दृश्यकोन आकसतो, त्यामुळे भिंग मुळातच रुंद कोनाचे घ्यावे लागते. परिणामी भिंगाशी आलेला बोटभर मासा राक्षसी दिसतो आणि दोन मीटरवरचा मोठा मासा किरकोळ वाटतो. आकाराचा अंदाज बांधायचा असेल तर माहीत मापाचे आमिष त्याच अंतरावर ठेवून तुलना करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

उजेड : हिवाळ्यात पाणी बहुधा उन्हाळ्याहून नितळ असते. शेवाळाची वाढ मंदावलेली असते, वारा लाटा उठवू शकत नाही आणि काठावरून गाळही वाहून येत नाही. मिल लॅक्समध्ये २००५ साली झेब्रा शिंपले हा परका जीव आढळला. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे तेथील पाणी पुढे अधिकच स्वच्छ झाले. कॅमेऱ्याला ते सोयीचे पडले तरी तळ्याच्या अन्नसाखळीच्या दृष्टीने ते संकटच आहे.

पाणी नितळ असले तरी उजेड हवा. काळा, पारदर्शक बर्फ बराच प्रकाश आत सोडतो, पण त्यावर वीतभर हिम पडले की खाली जवळजवळ रात्र होते. म्हणून जाणकार भोकाभोवतीचे हिम फावड्याने ओढून काढतात. अंगणाएवढी जागा मोकळी झाली तरी पडद्यावर तळाचे दगड उमटू लागतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे हा शेवटचा उपाय. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण पांढऱ्या दिव्याने उजळतात आणि धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखे चित्र पांढरे पडते. अवरक्त दिव्याचा फायदा असा की बहुतेक माशांना तो दिसत नाही. मात्र पाणी हा प्रकाश झपाट्याने शोषते. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एक मीटर पाण्यातून जाईपर्यंत एक-दोन टक्केच उरतो, म्हणून त्याची झेप हातभरच. गढूळ पाण्यात किंवा संध्याकाळी आमिष कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणावे लागते ते यामुळे. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी मावळतो, तेव्हा खोलवर लाल आमिष पडद्यावर काळपट दिसले तर दोष यंत्राचा नाही.

थंडीतील वापर : पहिला फटका बॅटरीला बसतो. बऱ्याच संचांत येणारी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी उणे १८° ला आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास काम देते, कारण तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. लिथियम बॅटरी हलकी असते आणि थंडीत तुलनेने बरी टिकते, पण शून्याखाली असताना ती चार्ज करू नये. तसे केल्यास आतल्या विद्युत्-अग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची निकामी होते. घरी आणून, खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच चार्जरला लावावी. बर्फावर तिला उबदार पेटीत किंवा गोणपाटासारख्या जाड कापडात गुंडाळून ठेवले तरी तास-दोन तास वाढतात.

द्रवस्फटिक म्हणजे एलसीडी पडद्यातील द्रव थंडीने दाट होतो. चित्र मागे शेपूट ओढल्यासारखे घसटते, झटकन वळलेला मासा फराट्यासारखा दिसतो. पडदा बिघडला असे समजून अनेक जण तो ठोकतात किंवा शेकोटीपुढे धरतात. दोन्ही चूक. चालू ठेवला की पाठीमागच्या दिव्याच्या उबेने तो हळूहळू सावरतो. गार झालेला पडदा एकदम तापलेल्या खोपटात नेला की हवेतले बाष्प त्यावर आणि आतही साचते, म्हणून तो पिशवीत बंद ठेवून सावकाश गरम होऊ द्यावा.

कॅमेऱ्याला थंडी गाठते ती तो वर काढल्यावर. ओल्या भिंगावर काही सेकंदांत बर्फाची साय धरते. ती नखाने किंवा सुरीने खरवडली की काचेवर कायमचे ओरखडे येतात. उपाय सोपा आहे : कॅमेरा परत पाण्यात सोडायचा. तळ्याचे पाणी हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी गरम असते आणि साय मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप विरघळते. ओली केबलही अशीच गोठून काठीसारखी ताठ होते. त्या अवस्थेत तिला करकचून गुंडाळले की आवरणाला चिरा पडतात, विशेषतः कवचाशी जोडलेल्या जागी. वर ओढताना ती फडक्याने पुसत मोठ्या सैल वेटोळ्यांत ठेवावी. सर्वांत महागडी चूक मात्र भोकाशी घडते. भोकाच्या तोंडावर पुन्हा बर्फ धरतो आणि केबल त्यात जखडते. ती सोडवायला पहार किंवा बर्फ पोखरणारे गिरमिट चालवले तर केबल तुटते आणि कॅमेरा तळाला जातो. बर्फाचे तुकडे झाऱ्यासारख्या चाळणीने सतत काढत राहणे आणि भोकावर झाकण ठेवणे, एवढ्याने हे टळते.

मांडणी : गळाच्या भोकातूनच कॅमेरा सोडला तर अडकलेला मासा दोरीसकट केबलभोवती गिरक्या घेतो, म्हणून दोघांसाठी वेगळी भोके पाडतात. स्वच्छ पाण्यात त्यांच्यात एक-दीड मीटर, गढुळात त्याहून कमी अंतर ठेवतात. केबलला पीळ असल्याने कॅमेरा हळूहळू फिरत राहतो आणि आमिष चौकटीबाहेर जाते. त्यावर केबल चिमटीत पकडणारा स्टँड किंवा बटणाने कॅमेरा फिरवणारी लहान मोटर वापरतात. सरळ खाली पाहणारी मांडणी उथळ पाण्यात ठीक, पण माशाच्या वागण्याचे सारे मर्म बाजूने पाहण्यात आहे.

सोनारशी तुलना : मासा शोधण्यासाठी कॅमेरा हे मंद साधन आहे. सोनारचा ध्वनी २०° कोनाच्या शंकूत पसरत असेल तर १० मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर रुंद वर्तुळ क्षणार्धात चाचपतो आणि त्याला उजेडाची गरज नसते. २०१८ मध्ये आलेल्या गार्मिनच्या ‘लाइव्हस्कोप’सारख्या यंत्रांनी तर आडव्या दिशेलाही माशांच्या हालचाली त्याच क्षणी दाखवायला सुरुवात केली. तरीही सोनारवर उमटतो तो ठिपका. तो कोणत्या जातीचा मासा आहे, आमिषाकडे तोंड करून आहे की पाठ, हे कॅमेराच सांगतो. पिवळा पर्च हा मासा चिखलाला पोट टेकवून असतो आणि सोनारला तो तळापासून वेगळा ओळखता येत नाही. कॅमेऱ्यात तो पट्ट्यांसकट दिसतो. वाळू संपून चिखल कोठे सुरू होतो, पाणवनस्पती अजून हिरव्या आहेत की कुजून तपकिरी झाल्या आहेत, हेही दिसते. कुजणाऱ्या वनस्पती पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे मासे हिरव्या पट्ट्याकडे सरकतात.

या उपकरणाने दिलेला सर्वांत मोलाचा धडा नकाराचा आहे. ब्लूगिल हा तळहाताएवढा मासा आमिषाजवळ येतो, स्थिर राहून न्याहाळतो, ते तोंडात ओढतो आणि थुंकून टाकतो. एवढे सगळे होऊनही वर काठीचे टोक हलत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘इथे मासा नाही’ म्हणून भोके सोडली, त्यांना कॅमेऱ्याने दाखवले की मासे होते आणि आमिष फार जोरात नाचत होते. वॉलाय या माशाच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे तो अंधुक उजेडात उत्तम पाहतो. झगझगीत दिव्यापुढे तो बहुधा येत नाही, तेव्हा वॉलायसाठी दिवे बंद ठेवणेच शहाणपणाचे. पाइक हा शिकारी मासा मात्र कधी कधी सरळ कॅमेऱ्यावरच झडप घालतो.

कॅमेऱ्यामुळे मासेमारी फार सोपी होते, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. थवे करून राहणारे मासे एकदा दिसले की तेथे माणसांची गर्दी होते आणि लहान तळे एका हंगामात उपसले जाऊ शकते. पण याच यंत्राचा एक उपयोग आक्षेपाहून मोठा वाटतो. साधारण ९ मीटरपेक्षा खोल पाण्यातून क्रॅपीसारखा मासा वर ओढला की दाब उतरल्याने त्याचा वाताशय फुगतो. असा मासा परत सोडला तरी अनेकदा जगत नाही. खाली कोणता मासा आणि केवढा आहे हे आधीच पाहता आले, तर नको असलेल्या माशापुढून गळ काढून घेता येतो. पकडून सोडण्यापेक्षा न पकडणे माशासाठी केव्हाही बरे.

संशोधनातही बर्फाच्या भोकातून कॅमेरा सोडण्याची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जानेवारी २०१५ मध्ये अंटार्क्टिकातील रॉस हिमफळीला सुमारे ७४० मीटर खोल भोक पाडून अमेरिकी शास्त्रज्ञांनी कॅमेरे खाली उतरवले. खाली जेमतेम १० मीटर पाणी होते, सूर्यप्रकाश कधीच न पोचणारे. तेथे पडद्यावर अर्धपारदर्शक मासे आले.

कॅमेऱ्याच्या वापराचे नियम राज्याराज्यांत आणि स्पर्धांगणिक वेगवेगळे आहेत. ते त्या हंगामाच्या नियमपुस्तिकेत पाहावेत. बर्फाच्या जाडीबाबत मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा सल्ला असा : चालण्यासाठी नवा, स्वच्छ बर्फ किमान ४ इंच (सुमारे १० सेंमी.), हिमस्कूटरसाठी ५ ते ७ इंच, छोट्या मोटारीसाठी ९ ते १० इंच. पांढऱ्या, हिममिश्रित बर्फाची ताकद निम्मीच धरावी. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी जे पहिल्यांदाच बर्फावर उतरतील, त्यांनी कॅमेऱ्याआधी मोजपट्टी आणि गिरमिट बरोबर घ्यावे, जाडी जागोजागी मोजावी, खोपटात शेगडी असेल तर हवेला वाट ठेवावी आणि तळे ओळखणाऱ्या माणसाशिवाय जाऊ नये.