ताग्यापासून सहीपर्यंत

१८५०च्या आसपास पॅरिसमधल्या एखाद्या श्रीमंत बाईला नवा झगा हवा असला, तर तिला तीन-तीन दुकानांच्या पायऱ्या चढाव्या लागत. रेशीम एकीकडे, लेस आणि फिती दुसरीकडे, आणि शिवणकाम तिसरीकडे. कापड आपण न्यायचं, गळा-बाही आपण सांगायची आणि शिवणाऱ्याने मान डोलवायची, ही रीत मराठी वाचकाला मुळीच परकी नाही. फ्रान्समध्ये मात्र तिच्यामागे जुने कायदे होते. कापड विकणाऱ्यांचा संघ वेगळा, शिंप्यांचा वेगळा. बायकांचे कपडे शिवणाऱ्या बायकांना स्वतःचा संघ मिळाला तो १६७५ मध्ये, चौदाव्या लुईच्या काळात. राज्यक्रांतीत हे संघ मोडले, पण कामाची वाटणी बरीचशी तशीच राहिली.

ती मोडून काढली एका इंग्रज मुलाने.

चार्ल्स फ्रेडरिक वर्थचा जन्म १३ ऑक्टोबर १८२५चा, लिंकनशायरमधल्या बोर्न या लहानशा गावातला. वडील वकील होते. घर तसं खाऊनपिऊन सुखी, पण वडिलांनी पैसा घालवला आणि १८३६च्या सुमारास ते कुटुंबाला सोडून निघून गेले. आईला नातेवाइकांच्या घरी घरकाम सांभाळण्याची वेळ आली. अकरा वर्षांचा चार्ल्स छापखान्यात कामाला लागला. तिथे त्याचं मन रमलं नाही. वर्षभरातच तो लंडनला गेला आणि पिकॅडिलीवरच्या ‘स्वॉन अँड एडगर’ या कापडाच्या पेढीत उमेदवारी करू लागला.

वर्थचं खरं शिक्षण झालं ते इथे, गिऱ्हाइकापुढे तागे उलगडताना. सहा-सात वर्षं तो कापड हाताळत होता. कोणतं रेशीम अंगावरून कसं घरंगळतं, कशाच्या चुण्या उभ्या राहतात, कोणता रंग दिव्याच्या उजेडात फिका पडतो, हे त्याच्या बोटांना आणि डोळ्यांना कळू लागलं. सवड मिळाली की तो ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत जाऊन जुन्या व्यक्तिचित्रांमधले पोशाख बघत बसे. पुढे त्याच्या झग्यांच्या बाह्या आणि गळपट्ट्या या चित्रांवरून उतरल्या.

विशीत पाऊल टाकताच त्याने पॅरिस गाठलं. खिशात जेमतेम पाच पौंड होते असं सांगतात; फ्रेंच तर जवळजवळ येतच नव्हतं. पडेल ते काम करत तो रू द रिशल्यवरच्या ‘गाजलँ’ या नामांकित दुकानात शिरला. तिथे रेशमाबरोबर काश्मिरी शाली विकल्या जात. शाल खांद्यावर कशी पडते हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी दुकानात मुली असत. मारी व्हेर्ने ही त्यांतलीच एक. शालीकडे नजर जावी म्हणून खाली साधा झगा हवा, या विचाराने वर्थने तिच्यासाठी मलमलीचे साधे, पण अंगाला नेमके बसणारे झगे बेतले. गिऱ्हाइकं शालीऐवजी झग्याचीच चौकशी करू लागली.

मालकांना हे पसंत पडेना. शिवणकाम बायकांचं आणि हलक्या दर्जाचं. प्रतिष्ठित पेढीने त्यात कशाला पडावं? अखेर विक्रीपुढे त्यांनी मान तुकवली. पेढीचा माल १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात गेला. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात वर्थने दरबारी पोशाखाचा घोळ कमरेऐवजी थेट खांद्यांवरून सोडला आणि त्या कामाला पदक मिळालं. मधल्या काळात, १८५१ मध्ये, मारीशी त्याचं लग्न झालं होतं.

१८५८ मध्ये ऑटो बोबर्ग या स्वीडिश भागीदाराला घेऊन त्याने ७, रू द ला पे इथे स्वतःचं दालन उघडलं. दालन उभं राहिलं, तरी दरबाराची दारं उघडायची होती. ते काम मारीने केलं. १८६०च्या सुमारास ती चित्रांची वही घेऊन ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी पॉलिन फॉन मेटरनिख हिच्या घरी गेली. एक इंग्रज पॅरिसच्या बायकांना कपडे सुचवतो, या कल्पनेचीच पॉलिनला गंमत वाटली. वही उघडल्यावर मात्र ती चकित झाली. तिने दोन झगे मागवले, पण अट घातली की किंमत प्रत्येकी ३०० फ्रँकांवर जाता कामा नये. त्यांतला रुपेरी झळाळीचा पांढरा झगा घालून ती तुईलरी राजवाड्यातल्या नृत्याला गेली आणि फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिने तो कोणी केला ते विचारलं. वर्थला बोलावणं आलं. त्यानंतर ३०० फ्रँकांत वर्थचा झगा कधीच मिळाला नाही, अशी आठवण पॉलिनने पुढे नोंदवून ठेवली आहे.

युजेनी त्याची गिऱ्हाईक झाल्यावर युरोपचे इतर दरबारही आले. १८६७ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हंगेरीची राणी झाली, तेव्हाचा तिचा पोशाख वर्थचाच होता.

त्याने धंद्याचा क्रमच उलटा केला. कापड आणि शिलाई एकाच छताखाली आली. नमुने आधी तयार होत, ते जिवंत मुली घालून दाखवत, गिऱ्हाइकाने त्यांतून निवडायचं आणि मग तिच्या मापाचं शिवून मिळायचं. बाह्या, चोळीचा भाग, घेर यांचे ठरलेले साचे वेगवेगळ्या प्रकारे जुळवले जात. लांब शिवणी यंत्रावर, नाजूक काम हाताने. १८७०च्या सुमारास त्याच्याकडे सुमारे १,२०० माणसं काम करत होती. आणि झग्याच्या आत, कमरपट्टीवर, त्याच्या नावाची चिठ्ठी असे; पुढे तर ती सहीच्या वळणाने विणली जाऊ लागली. चित्रकाराने चित्रावर करावी तशी सही शिवणाऱ्याने कपड्यावर केली.

१८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच साम्राज्य कोसळलं, युजेनी परागंदा झाली, बोबर्ग मायदेशी परतला. वर्थने १८७१ मध्ये एकट्याच्या नावाने दालन पुन्हा उघडलं. आता पैसा अमेरिकेतून येत होता. १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलिस व्हँडरबिल्टने एका वेशभूषा-नृत्यासाठी त्याच्याकडून ‘विजेच्या दिव्या’चा पोशाख करून घेतला. १० मार्च १८९५ला वर्थ वारला. मागे गास्ताँ आणि जाँ-फिलिप या मुलांनी पेढी चालवली.

ज्या शालींच्या दुकानात तो घडला, त्या शालींचं पुढे काय झालं हेही या इतिहासातच येतं. मोठी शाल खुलायची ती क्रिनोलिनच्या, म्हणजे झगा फुगवणाऱ्या आतल्या सांगाड्याच्या, रुंद घेरावर. १८६०च्या दशकाअखेर वर्थने घेर पुढून सपाट करून मागे ढकलला, कमरेमागे फुगवटा आला आणि शाल अडचणीची झाली. स्कॉटलंडमधल्या पेझली आणि फ्रान्समधल्या लियाँच्या मागांनी स्वस्त नकला आधीच बाजारात ओतल्या होत्या. त्यात १८७०च्या युद्धाने फ्रेंच मागणी आटली. काश्मीरचे शालविणकर उघडे पडले असतानाच, १८७७च्या सुमारास खोऱ्यात भीषण दुष्काळ आला.

भारताशी वर्थच्या पेढीचा संबंध पुन्हा आला तो १९०३ मध्ये. दिल्ली दरबाराच्या वेळी व्हाइसरॉय कर्झनची पत्नी मेरी मोरपिसांच्या नक्षीचा झगा घालून लाल किल्ल्यातल्या नृत्याला आली. सोन्या-चांदीच्या तारांची जरदोजी, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचा हिरवा चकचकीत पंख, वजन चार किलोंहून जास्त. भरतकाम दिल्लीत किशनचंद यांच्या कारागिरांनी केलं, कापड पॅरिसला गेलं आणि झगा वर्थच्या पेढीत बेतला गेला. आज तो इंग्लंडमध्ये केडलस्टन हॉलला आहे. झग्याशी नाव जोडलं गेलं ते वर्थचं; महिनोन्‌महिने कारचोबावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, वाकून बसलेल्या कारागिरांपैकी कोणाचंही नाव त्यावर नाही.

पॅरिसमधल्या शिवणारणींचीही नावं कपड्यांवर नव्हती. वर्थने सुरू केलेला धंदा विसाव्या शतकात शहरभर पसरला, तशी त्यांची संख्याही वाढली. मे १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ‘जेनी’ या दालनातल्या मुली कामावरून उठल्या आणि हजारो शिवणारणी रस्त्यावर आल्या. त्यांची मागणी महागाईभत्त्याची आणि शनिवारच्या अर्ध्या सुटीची होती. पुढच्याच महिन्यात, ११ जून १९१७ला, त्या सुटीचा कायदा झाला.